चौदा मागण्या

नैरोबीतल्या त्या थंडगार खोलीत अकेयो अकरा वर्षे यंत्रे सांभाळत होती. दूरदेशी ठेवलेली चित्रफीत कोणी मागितली की तिची एक प्रत या यंत्रांत राही; पुढच्या माणसासाठी ती समुद्रापलीकडून आणावी लागत नसे. जागा अपुरी पडली की सर्वांत कमी मागणीची प्रत आधी पुसली जाई. या नियमात काही अन्याय आहे असे तिला कधी वाटले नव्हते, तिचा भाऊ ओमोलो सरोवरात बुडेपर्यंत.

तो आठ तारांची न्यातिती वाजवी. त्याच्या वादनाची एकच चित्रफीत उरली होती. युरोपातल्या एका विद्यापीठाने ती जपली होती, पण उतरवून घेण्याची मुभा ठेवली नव्हती. सरोवराकाठी म्बिताला आई ती रोज सकाळी लावी. अकेयोने एकदाही उघडली नव्हती.

"ओमोलो आज दोनदा अडखळला," आई फोनवर म्हणाली. "जिवंतपणी कधी अडखळला होता का तो?"

"काल मोठा सामना होता, आई. फुटबॉलने जागा खाल्ली, त्याची प्रत गेली. आता पुन्हा तिकडून येतोय."

"मी रोज हाक मारते तरी?"

"तू एकटीच मारतेस गं."

"आणि तू? तिथं बसून नुसता गार वारा खातेस?"

अकेयोने फोन ठेवला. एका आज्ञेने ती प्रत कायमची अडकवून ठेवणे तिच्या हाती होते. पण कित्येकांचे कोणी ना कोणी असेच दूर पडून होते. आपलेच तेवढे जवळ ठेवण्याचा अधिकार आपल्याला कुठून आला? तिने ती आज्ञा दिली नाही.

रविवारच्या पाळीत सरोवराकडून त्या चित्रफितीला एकदम चौदा मागण्या आल्या. तिने घाबरून फोन लावला.

"चर्चच्या बाया आहेत," आई म्हणाली. मागे सूर आणि हसणे एकमेकांत मिसळले होते. "ओमेना मासळी सुकत घातलीय, राखण करत बसल्यात. म्हटलं, पाद्री यायच्या आत आपापल्या फोनवर लावा. यांच्या नवऱ्यांच्या मयतीला मी रडले नव्हते का?"

"एकीचा पुढे, एकीचा मागे वाजत असेल."

"वाजू दे. अंगणात चौदा ओमोलो आहेत. तू कधी बघणार आहेस त्याला?"

फोन ठेवून अकेयोने चित्रफीत उघडली. चौदा मागण्यांमुळे प्रत आता इथल्याच यंत्रात होती; ती क्षणात आली. ओमोलोने एक तार जुळवली, मान वर केली. तिने नजर वळवली; पण चित्रफीत बंद केली नाही.