बर्फाच्या ड्रमाचं देणं

दोन हजार तेवीस साल, मार्गशीर्ष महिना. शाळू पोटरीला आला होता आणि पहाटे तोंडातून वाफ निघत होती. साल आणि महिना मुद्दाम सांगतोय. कारण हा किस्सा गावात जो तो आपल्या मनानं सांगतो. कुणी म्हणतं, म्हाताऱ्यानं बाईमाणसावर काठी उगारली. कुणी म्हणतं, पोलीस आले होते. तसलं काही झालं नाही. झालं ते त्याहून वाईट होतं. चहा निवायच्या आत सांगून टाकतो.

आधी माझं सांगतो. आटपाडीच्या वरच्या अंगाला आमचं गाव. मेंढरं राखण्यात हयात गेली. शाळा दुसरीपर्यंत. पण मेंढराचा पाय मोडला तर बांबूच्या कामट्या लावून बांधायला लोक आजही माझ्याकडं येतात, आणि ते मेंढरू चालतं. माणसाचा मुरगळलेला पायही मी शेकून, चोळून, ओढून जाग्यावर बसवायचो. आजवर कुणी तक्रार केली नाही. आता वाटतं, केली असेल. माझ्यासमोर केली नसेल.

कोमल माझी नात, थोरल्याची मुलगी. वय पंधरा. सांगलीत खो-खो खेळणाऱ्या मुलींचं वसतिगृह आहे, तिथं राहते. दुसऱ्या दिवशी तिचा मोठा सामना होता. राज्याच्या संघासाठी मुली निवडणारी माणसं तो बघायला येणार होती. फोनवर म्हणाली, "आबा, उद्या नीट पळाले तर राज्याच्या संघात जाईन." घरात एवढं लांब कुणी गेलं नव्हतं. म्हणून निघालो. बरोबर भाकरी, शेंगदाण्याची चटणी आणि तिला पांघरायला माझं घोंगडं. तासगावात एसटी बदलली आणि ऊन कलता कलता पोचलो.

वसतिगृहाच्या मागं गेलो आणि पाय जागेवर थिजले.

ओळीनं निळे ड्रम मांडलेले. त्यात पाणी, पाण्यावर बर्फाची ढेकळं. आणि प्रत्येक ड्रमात एक मुलगी, कमरेपर्यंत बुडालेली. दात वाजतायत, ओठ निळे. एकजण रडवेली होऊन म्हणतेय, "मॅडम, सोडा की आता." समोर एक पोरगेली बाई, गळ्यात शिट्टी, नजर घड्याळावर. म्हणतेय, "अजून नाही."

शेवटच्या ड्रमात कोमल. डोळे मिटलेले.

तुम्हीच सांगा, तुम्ही काय समजला असता?

"काय केलं हिनं?" मी विचारलं.

कोमलनं डोळे उघडले. "आबा? तुमी कवा आला?"

"आधी सांग, काय केलं म्हनून शिक्षा?"

"शिक्षा न्हाई ओ. मगाशी पळताना पाय मुरगळला जरासा."

"पाय मुरगळला म्हनून बर्फात?"

मॅडम पुढं आली. जाधव आडनाव तिचं. बोलायला शांत. "आबा, बर्फानं सूज आवरते. सकाळी डॉक्टर बघतील. त्यांनी होय म्हटलं तर उद्या खेळेल ती."

"आन ह्या बाकीच्या? ह्यांचंबी पाय मुरगळलं?"

"नाही. त्या दिवसभर पळून दमल्यात."

"दमल्या म्हनून बर्फात?"

"होय."

"मग ज्या दमत न्हाईत त्यास्नी काय, इस्तवावर बसवता?"

एक मुलगी हसली. साक्षी तिचं नाव. तिचं हसणं माझ्या डोक्यात गेलं. मी कोमलला बखोट्याला धरून बाहेर काढलं, घोंगड्यात गुंडाळलं, आणि ड्रमला लाथ घातली. तो आडवा झाला तो शेजारच्यावर, शेजारचा त्याच्या पलीकडच्यावर. पाणी, बर्फ, मुली, सगळं अंगणभर. कुठूनसं एक कुत्रं आलं, बर्फ हुंगलं आणि माझ्याकडं बघून निघून गेलं.

मॅडमनं आवाज चढवला नाही. तेच जास्त लागलं. ती म्हणाली, "सगळा बर्फ चिखलात गेला. मी दुसरा घेऊन येते. साक्षी, कोमलचा पाय उशीवर उंच ठेव. आणि आबा, एक ऐका. त्या पायाला आज शेक द्यायचा नाही. चोळायचं नाही. ओढायचं तर नाहीच नाही."

स्कूटर घेऊन ती गेली.

आता बघा. माणसाला नको म्हणून तीन गोष्टी सांगितल्या. मी त्या तिन्ही केल्या. सांगितल्या त्याच क्रमानं.

स्वयंपाकघरामागं चूल पेटलेली होती. त्यात वीट तापवली, फडक्यात गुंडाळली आणि कोमलच्या घोट्याला लावली.

"आबा, नको. मॅडम नको म्हणल्यात."

"तुजी मॅडम कालची पोर हाय. मी किती पाय बसवलं ठावं हाय का?"

"आबा, ती मेंढरं हुती," साक्षी म्हणाली.

"मेंढराला चार पाय असत्यात. मानसाला दोनच. सोपं हाय."

हे मी बोललो. खोटं सांगत नाही, हेच शब्द.

मग तेल लावून चोळलं. ह्या अंगठ्यापासून त्या टाचेपर्यंत, जोर लावून. कोमल उशी चावत होती. शेवटी टाच एका हातात, चवडा दुसऱ्या हातात धरून ओढला. आत काहीतरी कट्ट वाजलं.

"बसला," मी म्हणालो.

कोमल जी ओरडली, ते अजून कानात आहे.

मॅडम बर्फ घेऊन परत आली तोवर घोट्याचा भोपळा झाला होता. आधी नुसता फुगीर होता. आता हाड कुठं आहे ते दिसेना आणि कातडी निळसर झालेली.

"आतलं वाईट बाहीर पडतंय," मी म्हणालो. पण आवाज माझा मलाच बारीक वाटला.

मॅडमनं विटेकडं बघितलं, तेलाच्या वाटीकडं बघितलं. हातातली बर्फाची पिशवी हळूच खाली ठेवली. मग साक्षीला रिक्षा आणायला पाठवलं.

सकाळची वाट न बघता रिक्षानं डॉक्टरकडं गेलो. त्यांनी फोटो काढला. म्हणाले, "हाड शाबूत आहे. पण मुरगळला तेव्हा पाय एवढा होता का?"

"नाही," कोमल म्हणाली.

"मग हे कशानं झालं?"

कोमलनं खिडकीकडं बघितलं. साक्षीनं पंख्याकडं. मॅडमनं जमिनीकडं. माझ्याकडं कुणीच बघेना, त्यावरूनच डॉक्टरांना कळलं.

"बाबा, तुम्ही?"

"मी बसवला. मेंढरांचं बसवतो, तसाच."

"तो निसटलाच नव्हता." डॉक्टर रागावले नाहीत, खुर्ची जवळ ओढून सांगायला लागले. "मुरगळला की आत शिरा तुटतात, रक्त झिरपतं. गार केलं की ते थांबतं. गरम केलं, चोळलं की आणखी वाहतं. पहिले दोन-तीन दिवस शेक नाही, मालिश नाही. लोकर कातरताना कात्री लागली तर मेंढराला तुम्ही काय करता?"

"गार पानी ओततो."

"शेकत नाही?"

"न्हाई."

"मग नातीला का शेकलं?"

  जे मेंढराच्या बाबतीत मला कळत होतं ते नातीच्या बाबतीत कळलं नाही, कारण तिथं मला राग आला होता.

दुसऱ्या दिवशी सामना झाला. कोमल मैदानाच्या कडेला खुर्चीत, पाय दुसऱ्या खुर्चीवर, अंगावर माझं घोंगडं. एकदा तिच्या जागी खेळणारी मुलगी खांबाला वळताना कमी पडली, तेव्हा कोमलचा धड असलेला पाय आपोआप उचलला. मी ते बघितलं. बघितलं नसतं तर बरं झालं असतं. निवडणारी माणसं आली, वह्यांत काहीबाही लिहिलं आणि गाडीत बसून गेली. कोमलचं नाव घ्यायचा प्रश्नच नव्हता, ती खेळलीच नव्हती.

मला वाटलं आता रडेल. ती रडली नाही.

"आबा," ती म्हणाली, "माजा बर्फाचा ड्रम सांडला तुमी. एक ड्रम देनं लागता मला."

"देनं ठेवनारा मानूस न्हाई मी."

"बघू."

पाय बरा व्हायला ती गावी आली. सूज ओसरल्यावर मॅडमनं फोनवरून व्यायाम सांगितला. काय, तर मुरगळलेल्या पायावर एकट्यावर उभं राहायचं. घोट्यात जोर आला की तो पुन्हा पुन्हा मुरगळत नाही, असं तिचं म्हणणं. मी तर थक्क झालो. मेंढका जन्मभर दुसरं करतो काय? काठीला टेकून एका पायावर उभा. मग माळावर आम्ही दोघं शेजारी शेजारी एका पायावर. मी काठी घेऊन, ती काठीशिवाय. येणारे जाणारे म्हणायचे, "आबा, नातीला मेंढका केलीस व्हय रं?" मी उत्तर द्यायचो नाही. उत्तर द्यायला गेलो की माझा तोल जायचा. तिचा जात नव्हता.

होळीच्या आधी सांगलीत पुन्हा निवड निघाली. कोमल पळाली. संघात घेतली, पण राखीव म्हणून. तिची खरी जागा मार्गशीर्षात दुसरीला गेली होती, ती काही परत मिळाली नाही.  

निवडीच्या त्याच दिवशी मी नवा निळा ड्रम आणि बर्फाची लादी, भुसा लावून पोत्यात बांधलेली, रिक्षात घालून घेऊन गेलो. वसतिगृहाच्या त्याच अंगणात ड्रम उभा केला, पाणी भरलं, बर्फ फोडून आत टाकला. हात झटकले.

"घे. फिटलं."

कोमलनं ड्रमात वाकून बघितलं. "ड्रम दिला. बर्फ दिला. आत कोन बसनार?"

"तू. तूच दमलीयास."

"आधी तुमी."

सगळ्या मुली गोळा झाल्या. मी मॅडमकडं बघितलं, म्हटलं ही तरी सोडवेल. ती म्हणाली, "आबा, तुमचं वय झालंय. कमरेपर्यंत नको, छातीला त्रास होईल. गुडघ्यापर्यंतच उभे राहा." एवढं बोलून तिनं शिट्टी तोंडात धरली.

गुडघ्यापर्यंत. मला हसू आलं. पौषातल्या थंडीत उघड्या माळावर मेंढरांत झोपणारा माणूस मी. धोतर वर खोचलं, साक्षीच्या खांद्याला धरलं आणि आत उतरलो.

मंडळी, मी जे ओरडलो ते इथं सांगण्यासारखं नाही. तो गारठा नव्हता, विळ्या होत्या. पिंढऱ्या आहेत की गेल्या, कळेना. कातरायच्या आधी मेंढराला नदीत ढकललं की ते वळून कसं बघतं, तसा मी एकेकीच्या तोंडाकडं बघत होतो. आजवर किती मेंढरांनी माझ्याकडं तसं बघितलं असेल.

"मॅडम, सोडा की आता," मी म्हणालो.

"अजून नाही."

साक्षी ड्रमाजवळ आली. तोंड अगदी गंभीर. "आबा, काय केलं म्हनून शिक्षा?"

 दात वाजत होते, ते तेवढे बोलत होते.

शिट्टी वाजली. कोमलनं हात दिला, मी बाहेर आलो. तिनं माझं घोंगडं माझ्याच पायांवर टाकलं.

"फिटलं," ती म्हणाली.