उभी रेघ कोणाची

रघुवीर तावड्यांनी उभं आयुष्य दुसऱ्यांच्या चुका शोधण्यात घालवलं. त्याचा त्यांना पगार मिळत असे, हे आधीच सांगितलेलं बरं. नाहीतर लालबागच्या त्यांच्या चाळीत हेच काम फुकट करणारेही काही कमी नव्हते. रघुवीर परळच्या एका गिरणीत फोल्डिंग खात्यात कापड तपासनीस होते. साचेखात्यात, म्हणजे मागांवर, विणलेला तागा खालून दिवे लावलेल्या काचेच्या टेबलावरून सरकत जायचा आणि रघुवीर त्यावर डोळे रोखून उभे असायचे. गाठ, भोक, तेलाचा डाग, काही दिसलं की कापडाच्या किनारीला तिथल्या तिथे लाल दोऱ्याची गाठ मारायची आणि रजिस्टरात लिहायचं: साचा नंबर अमुक, दोष तमुक. शेवटचा रकाना असे जबाबदारीचा. त्या रकान्यात एका ओळीपेक्षा जास्त जागा नव्हती, पण तेवढ्या ओळीवर माणसाची बदली ठरे, कधी कधी भाकरीही.

त्यांची नजर इतकी तयार झाली होती की लग्नात नवरीच्या शालूतला ओढला गेलेला धागा त्यांना मंडपाच्या दारातूनच दिसायचा, आणि तो दिसला की सांगितल्याशिवाय त्यांना राहवत नसे. त्यामुळे चाळीतले लोक त्यांना लग्नाला बोलवायचे, पण बसवायचे मागच्या रांगेत.

ब्याऐंशीचा संप आला आणि पुढे जे व्हायचं ते सगळ्या गिरणगावाचं झालं. संपानंतर गिरणी अर्धीमुर्धी उघडली तेव्हा रघुवीरना परत घेतलं. आठ वर्षांनी ती कायमची बंद झाली. आता तिथे काचेचा टॉवर उभा आहे. रघुवीर त्याच्यासमोरून जाताना खाली बघून चालतात. चालण्याच्या रस्त्यात खड्डे आहेत, असं ते सांगतात.

दोन हजार बारा सालच्या उन्हाळ्यात ते सहासष्ट वर्षांचे होते. बायको जाऊन चार वर्षं झाली होती. घरात ते आणि लग्न न केलेली त्यांची मुलगी कालिंदी. कालिंदी गिरगावातल्या एका प्रकाशकासाठी घरी बसून शाळेच्या गाइडांची पानं लॅपटॉपवर लावून द्यायची. शाळा सुरू व्हायच्या आत पुस्तकं दुकानात पोचली पाहिजेत, म्हणून एप्रिल-मे हे तिच्या कामाचे दिवस. त्या दोन महिन्यांवर घराचं वर्ष निघायचं.

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात एका सकाळी तिने लॅपटॉप उघडला तर पडद्यावर हिरवी रेघ. केसाएवढी, उभी, वरच्या कडेपासून खालच्या कडेपर्यंत. दुपारी तिच्या शेजारी आणखी दोन उगवल्या आणि तिथली अक्षरं दिसेनाशी झाली.

"घेऊन पाच महिने झालेत फक्त," कालिंदी म्हणाली. "हात लावायचा तर पुसून लावते मी."

रघुवीरनी चष्मा पुसला आणि खुर्ची ओढली. लॅपटॉपातलं त्यांना ओ की ठो कळत नव्हतं, पण रेघेतलं कळत होतं.

"सगळं पांढरं कर," ते म्हणाले. तिने केलं. "आता काळं. आता तुझं पान वर सरकव."

पान वर सरकलं. रेघ जागची हलली नाही.

"बघ, अक्षरं सरकतायत, रेघ तिथेच आहे. म्हणजे कापड चांगलं आहे, दोष साच्यात आहे. आणि मार लागला असता तर एका जागी डाग पडला असता, मग तो पसरला असता. ही या कडेपासून त्या कडेपर्यंत कुठे तुटत नाही. ही जन्मापासूनची आहे, आता फक्त वर आली. ज्याने बनवला त्याने भरून द्यायला पाहिजे."

वर्षाची वॉरंटी होती. कालिंदी दादरच्या सर्व्हिस सेंटरला जायला निघाली, आणि ती साडी बदलत होती तेवढ्यात रघुवीरनी एक गोष्ट केली. शिवणाच्या डब्यातून लाल दोरा काढला, बोटभर तुकडा तोडला आणि रेघ जिथून सुरू होत होती, बरोबर तिथे पडद्याच्या कडेला डिंकाने चिकटवला. उघडणाऱ्याला दोष शोधत बसायला नको, एवढाच हेतू. मग झाकण लावून लॅपटॉप पिशवीत घातला. वीस वर्षांनी त्या बोटांना काम मिळालं होतं, त्यामुळे दिवसभर ते खुशीत होते.

चार दिवसांनी कागद आला. कालिंदीने तो उभ्या उभ्या वाचला आणि मग वडिलांच्या पुढ्यात टाकला. 'झाकणात बाहेरची वस्तू (दोरा) आढळली. त्यावर दाब आल्याने पडदा खराब. उत्पादनात दोष नाही. जबाबदारी: ग्राहक.' नवा पडदा हवा असेल तर आपल्या खर्चाने.

"दोरा कोणी लावला, बाबा?"

रघुवीरनी कागद जवळ ओढला.

"अहो, त्यांना हात वर करायला कारणच हवं होतं. ते तुम्ही डिंक लावून दिलंत!" तिचा आवाज चढला आणि मग रडवेला झाला. "शंभर पानं द्यायची आहेत मला महिनाअखेरीला. प्रकाशक थांबेल? दुसरीला देईल काम. आणि एकदा दिलं की परत येतं का ते?"

तिचं खोटं नव्हतं, आणि रघुवीरना ते लागलंही. पण कागदावरून त्यांची नजर हलत नव्हती ती दुसऱ्याच कारणाने. तो शेवटचा रकाना त्यांना ओळखीचा वाटत होता. शब्द वेगळे होते, हात तोच होता.

एक्क्याऐंशीच्या दिवाळीनंतरची गोष्ट. बाहेरगावी गेलेला माल परत आला होता. कापड उजेडावर धरलं की अगदी बारीक उभी रेघ दिसायची. साचा होता दत्ताराम घाडीचा. दत्ताराम म्हणजे खात्यातला एक नंबरचा साचेवाला. अशी रेघ दोन कारणांनी पडते. एक, धागा तुटला आणि साचेवाल्याने तो वेळेवर जोडला नाही. तेव्हा रेघ काही अंतराने संपते. दुसरं, ज्यातून धागे ओवलेले असतात त्या फणीचा दात वाकला. तेव्हा ती संपतच नाही, ताग्यामागून तागा चालत राहते. रघुवीरनी सहा तागे उलगडून बघितले. रेघ एकदाही तुटली नव्हती. मग साच्यावर जाऊन त्यांनी फणीवरून नख फिरवलं. एक दात वाकडा लागला. फण्या नव्या होत्या, स्वस्तातल्या होत्या आणि खात्याच्या साहेबाने घेतल्या होत्या.

साहेबाने संध्याकाळच्या आत फणी काढून घेतली आणि रघुवीरना म्हणाला, "साचेवाल्याची हयगय, असं लिही."

रघुवीरनी लिहिलं. घरी बायको होती, कालिंदी दोन वर्षांची होती, ही कारणं खरीच होती. दत्तारामला बोलावून कापडाचा हातभर तुकडा तेवढा दाखवला, रेघ कुठे संपते का ते त्यात कळण्यासारखं नव्हतं. तो म्हणाला, फणी तरी बघू दे. फणी नव्हती. त्याचे कायमचे साचे गेले आणि तो बदली कामगार झाला, म्हणजे कोणी गैरहजर असेल त्याच दिवशी काम. तीन महिन्यांत संप लागला, आणि संपानंतर माणसं परत घेताना ज्यांच्या नावापुढे शेरा होता त्यांना गेटवरूनच परत पाठवलं. दत्ताराम त्यांत होता. रघुवीर त्या दिवशी आतल्या बाजूला उभे होते.

कागद आल्याच्या दुसऱ्या दिवशी रघुवीर एकटेच दादरला गेले. टेबलामागे जयवंत नावाचा तिशीच्या आतला कारागीर होता. कागदावर सही त्याचीच होती.

"दोरा मी लावला," रघुवीर म्हणाले. "रेघ आल्यावर लावला. तू पडदा उघडून बघितलास ना? दाबाची खूण होती कुठे?"

जयवंतने आजूबाजूला पाहिलं. त्याचा आवाज खाली आला. "नाही, काका. पॅनलच खराब आहे. ह्या महिन्यात ह्याच मॉडेलचे चार आले."

"मग असं का लिहिलंस?"

"वरून सांगितलंय. जरा कुठे ओरखडा, डाग, काही दिसलं की ग्राहकावर टाकायचं. नाहीतर कंपनीला भरून द्यायला लागतं ना. मी नाही लिहिलं तर दुसरा कोणतरी लिहील, आणि मी घरी बसेन. आई आजारी आहे माझी."

रघुवीरना राग यायला हवा होता, पण राग आला नाही. जयवंत बोलत होता ते एकेक वाक्य त्यांनी तीस वर्षांपूर्वी स्वतःला ऐकवलेलं होतं.

"मीही असंच लिहिलं होतं एकदा," ते म्हणाले, आणि त्यांनी ती फणीची गोष्ट त्याला सांगितली. बायकोलाही कधी सांगितली नव्हती ती त्या टेबलाशी उभं राहून, मागे रांगेत माणसं ताटकळत असताना सांगितली.

जयवंतने मान खाली घालून ऐकलं. मग विचारलं, "त्या माणसाचं पुढे काय झालं?"

ते रघुवीरनी कधी विचारलंच नव्हतं.

दत्ताराम शिवडीला राहायला गेल्याचं आणि गोदीजवळच्या गोदामात ओझी उचलत असल्याचं चाळीत कधीतरी कानावर आलं होतं. शिवडी लालबागहून चालत जाण्याच्या अंतरावर आहे. तीस वर्षांत रघुवीरना ते अंतर जमलं नव्हतं. त्या रविवारी सकाळी त्यांनी रेघांच्या कागदावर जुन्या रजिस्टरासारखे रकाने आखले, ते भरले, खाली सही केली, आणि विचारत विचारत दत्तारामचं घर गाठलं.

दाराशी सुंदराबाई, दत्तारामची बायको, तांदूळ निवडत होती. आत बाकड्यावर दत्ताराम बसला होता. खांदे रुंद होते, पण एक बाजू कायमची खचलेली, आणि डोळ्यांत मोतीबिंदू पिकलेला.

"कोण ता?"

"मी रघुवीर तावडे. फोल्डिंग खात्यातला."

सुंदराबाईने ताट खाली ठेवलं.

"कित्याक इलंस?" दत्तारामने विचारलं.

रघुवीरनी कागद पुढे केला. दत्तारामला वाचता येण्यासारखं नव्हतं, म्हणून त्याने तो बायकोकडे दिला. ती अडखळत, बोट ठेवून वाचू लागली. "साचा नंबर दोनशे अठरा. दोष, उभी रेघ. कारण, फणीचा दात वाकडा. जबाबदारी, गिरणी. साचेवाला दत्ताराम घाडी याची चूक नव्हती. हे मला तेव्हाच ठाऊक होतं." शेवटचं वाक्य रकान्यात बसत नव्हतं. ते रघुवीरनी खाली लिहिलं होतं.

सुंदराबाई तिथेच थांबली. मग तिने पदर तोंडाला लावला. "मी ह्यांना किती बोलले," ती म्हणाली. "तेव्हा पोर तापाने फणफणलेलं, रात्रभर हेच घेऊन बसायचे. मी म्हणायचे, दिवसा साच्यावर झोपलात, त्यानेच आपलं वाटोळं झालं. तीस वर्षं म्हणत आले."

"तिचा काय चुकला?" दत्ताराम म्हणाला. "माका पण तसाच वाटलेला. म्हटलं, माझोच डोळो लागलो असतलो."

रघुवीर मनाशी शिव्याच धरून आले होते, मारसुद्धा खाल्ला असता त्यांनी. पण ह्या माणसाने इतकी वर्षं दोष स्वतःच्या पदरात घेऊन ठेवला असेल, हे त्यांच्या ध्यानीमनी नव्हतं. ते दारातच खाली बसले. माफ कर म्हणायचं होतं, पण ते इतकं अपुरं होतं की त्यांची जीभ रेटली नाही.

दत्तारामने हात पुढे करून कागद परत घेतला आणि घडी केली. "तारीख खंयची घातलंस?"

"आजची."

"बरा केलंस. उशीर झालो, ता तरी खरा लिवलंस." मग त्याने विचारलं, "आणि आजच कशी जाग इली तुका?"

रघुवीरनी लॅपटॉपची रेघ, दोरा, जयवंत, सगळं सांगितलं. जयवंतने काय विचारलं तेही सांगितलं. दत्तारामने ऐकून घेतलं. त्याने माफ केलं, असं काही तो म्हणाला नाही. पुढेही कधी म्हणाला नाही. उठून त्याने भिंतीतल्या खिळ्यावरचा सदरा चाचपून काढला.

"उद्या सकाळी माका घेऊन चल थंय."

सोमवारी सकाळी सर्व्हिस सेंटरचं दार उघडलं तेव्हा रघुवीर दत्तारामचा हात धरून आत शिरले. जयवंत मान वर करून बघत राहिला.

"काका, मी सांगितलं ना तुम्हाला, माझ्या हातात..."

"तू विचारलं होतंस," रघुवीर म्हणाले, "त्या माणसाचं पुढे काय झालं म्हणून. हा बघ."

जयवंत उठून उभा राहिला. त्याने दत्तारामचा खचलेला खांदा बघितला, पांढरे डोळे बघितले. त्याने स्टूल आणून दत्तारामला बसवलं. मग फाइलमधून कालिंदीच्या कागदाची प्रत काढली, फाडली, आणि नवा कोरा फॉर्म घेतला. आतल्या केबिनमध्ये साहेब बसलेला होता. तिकडे त्याने एकदाच पाहिलं आणि लिहायला लागला.

"वाचून दाखव रे," दत्ताराम म्हणाला.

"दोष, पडद्यावर उभ्या रेघा. कारण, पॅनलच्या उत्पादनातला दोष. दोऱ्याचा संबंध नाही. जबाबदारी, कंपनी." जयवंतने शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं. "खाली माझी सही."

"तारीख?"

"आजची, काका," जयवंत म्हणाला. "आजचीच घातली."