विहीणबाईंचा शनिवारचा वर्ग

पृथ्वीच्या पाठीवर असा एकही मनुष्यसमूह नसावा, ज्याला आमच्या विहीणबाई दोन मिनिटांत उंचीप्रमाणे उभे करू शकणार नाहीत. जिल्हा परिषदेच्या शाळेत छत्तीस वर्षे पहिलीचा वर्ग सांभाळून त्या निवृत्त झाल्या, असे त्यांची कन्या, म्हणजे आमची सूनबाई, सांगते. निवृत्तीची कोणतीही खूण मला मात्र आढळलेली नाही. त्या इकडे अमेरिकेत, अल्फारेटाला, सहा महिन्यांसाठी आल्या आणि तिसऱ्याच दिवशी, नातीच्या शाळेची पिवळी बस जिथे थांबते, तिथली गोरी, काळी, पिवळी सगळी मुले हाताची घडी घालून उभी राहू लागली. दंतवैद्याने तोंड उघडायला सांगितले, तेव्हा यांनी आधी त्याची नखे पाहिली, आणि त्यानेही ती मुकाट्याने दाखवली. हे सर्व मराठीत. आवाज पोचला की अर्थ मागून येतो, असा त्यांचा अनुभव आहे.

त्या बौद्ध आणि आमच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या वेदपठण. मुलांनी इकडे परस्पर लग्न ठरवले, तेव्हा माझ्या मनात संकोच होता हे मी लपवत नाही. त्यांच्या मनात तो होता की नाही, हे कळायला वावच मिळाला नाही. पहिल्या सकाळी त्यांनी माझी स्तोत्रे अखेरपर्यंत शांतपणे ऐकली आणि म्हणाल्या, "छान म्हणता, व्याहीबुवा. आता मधूनच एखादी ओळ विचारली तर सांगाल?" त्यांनी विचारली. ती सांगण्यासाठी मला पहिल्या श्लोकापासून धाव घ्यावी लागली.

आमच्या वसाहतीपासून दहा मिनिटांवर एक चर्च आहे. एका शनिवारी सकाळी फिरताना त्याच्या तळघराचे दार उघडे होते आणि आत फळा दिसला. फळा दिसल्यावर विहीणबाई बाहेर उभ्या राहतील, ही अपेक्षाच व्यर्थ. आत आफ्रिकेतल्या बुरुंडी देशातून परागंदा झालेल्या चौदा बायका बसल्या होत्या. डोंगरातल्या वाड्यांवरच्या, मुलींना शाळेत न घालणाऱ्या घरांतल्या. नंतर कितीतरी वर्षे निर्वासितांच्या छावणीत काढलेल्या. त्यांच्यातलीच एक तरुण नर्सबाई त्यांना त्यांच्या स्वतःच्या किरुंडी भाषेत, त्यांच्याच धर्मग्रंथावरून, वाचायला शिकवत होती. विहीणबाईंनी नर्सबाईंच्या हातातला खडू काढून घेतला, मोडून लहान केला, कसा धरायचा ते दाखवले आणि परत दिला. त्या क्षणापासून तो वर्ग दोघींचा झाला. आणि मी, माझे पोथीवजा इंग्रजी घेऊन, त्या दोघींमधला दुभाषा झालो.

किरुंडीचा एक शब्दही येत नसताना त्या शिकवणार तरी काय, ही माझी शंका आठवडाभरच टिकली. त्या भाषेतली अक्षरे बहुतेक स्वरांत संपतात. विहीणबाईंनी फळ्यावर ब, बे, बि, बो, बु यांची रोमन अक्षरांत ओळ लावली, छडीऐवजी लाटणे फिरवले आणि जाहीर केले, "ही तर आपलीच बाराखडी." चौदा बायका सुरात म्हणू लागल्या. वरच्या मजल्यावर पाद्रीबुवांची सभा चालू होती. ती त्यांनी दुसऱ्या दिवसावर ढकलली. पुढे एका सद्गृहस्थांनी विचारले, की या बायकांना इंग्रजी का शिकवत नाही? त्यावर विहीणबाई म्हणाल्या, "इंग्रजी शिकवायला अख्खी अमेरिका बसलीय."

त्या वर्गात सगळ्यांत वडील होत्या सत्तरीच्या एक आजीबाई. धर्मग्रंथातले एक स्तोत्र त्या असे खणखणीत वाचत, की माझे हात आपोआप जोडले जात. मी विहीणबाईंना म्हटले, की या तर उत्तम वाचतात. त्यांनी माझ्याकडे, पहिलीतल्या मुलाकडे पाहावे तसे पाहिले. "व्याहीबुवा, पुस्तक उलटं धरलंय."

पुढच्या शनिवारी विहीणबाई न्याहारीच्या डब्याचा एक पुठ्ठा घेऊन आल्या. त्यात एका शब्दाएवढी खिडकी कापली होती. पुठ्ठा पानावर ठेवायचा, सरकवायचा आणि खिडकीत दिसेल तो शब्द वाचायचा. चौदाजणींची घोकंपट्टी त्या खिडकीत अडकून पडली. आजीबाईंनी पुस्तक मिटले, मांडीवर ठेवले आणि नर्सबाईंमार्फत मला सांगितले, की आपल्याला हे येते, ते देवाला ठाऊक आहे.

"देवाची परीक्षा नाही घेत मी," विहीणबाई म्हणाल्या. "त्यांची घेतेय."

मी भाषांतर करताना त्यात यथाशक्ती मध मिसळला. विहीणबाईंना संशय आला. "तुम्ही फार वेळ बोललात. मी एवढं म्हटलं नव्हतं."

आजीबाई पुढचे दोन शनिवार आल्या नाहीत. विहीणबाईंनी क्षमा मागितली असे मी म्हणणार नाही. पण त्या दोन्ही शनिवारी त्यांनी आपली खुर्ची दाराशी हलवली, वारा चांगला येतो म्हणून. तिसऱ्या शनिवारी आजीबाई आल्या आणि उभ्यानेच बोलल्या. सहा आठवड्यांनी वर्गाच्या पहिल्या सत्राचा समारोप होता. त्या रविवारी भर प्रार्थनेत, नेहमीप्रमाणे, ते स्तोत्र त्या सादर करणार होत्या. पण या वेळी वाचून. वाचता आले नाही तर त्या उठणार नव्हत्या, आणि मग पुन्हा कधीही कुणी त्यांना उठवायचे नव्हते. नर्सबाईंचा चेहरा उतरला. त्या स्तोत्रावाचून आजीबाईंना त्या समाजात दुसरे स्थान नव्हते. विहीणबाईंनी फक्त पुठ्ठा पुढे केला.

सहा आठवडे दोघी भांडल्या. एकीचे किरुंडी, दुसरीचे मराठी. मधे मी आणि नर्सबाई केव्हाच निरुपयोगी झालो होतो. आजीबाई शब्द ओळखण्याऐवजी आठवू लागल्या, की विहीणबाई त्यांचा हात दाबून थांबवत आणि म्हणत, "डोळ्यांनी, बाई. डोक्यानं नाही."

तो रविवार आला. आजीबाई उठल्या. शब्दाखाली बोट ठेवून, अडखळत, एकेक अक्षर जोडत त्या वाचू लागल्या. इतकी वर्षे ज्यांनी त्यांचे ओघवते पठण ऐकले, ती मंडळी अस्वस्थ झाली. काहीजण दयेने पुढचे शब्द आधीच म्हणू लागले. विहीणबाईंनी माझा सदरा मुठीत धरला होता. चौथ्या ओळीनंतर आजीबाई थांबल्या. बोट हलेना. सगळ्या सभेने एका सुरात पुढची ओळ सांगितली. आजीबाईंनी नकारार्थी मान हलवली. सभेने ती अधिक मोठ्याने सांगितली.

तेव्हा विहीणबाई उठल्या आणि त्या भरल्या चर्चमध्ये, शुद्ध मराठीत म्हणाल्या, "कोणी सांगायचं नाही. त्यांना वाचू द्या."

दोनशे माणसे गप्प झाली. आजीबाईंचे बोट पुढे सरकले आणि त्यांनी एक ओळ वाचली, जी सभेने सांगितलेली नव्हती. पुन्हा पहिल्या अक्षरापासून तीच वाचली. नर्सबाई माझ्या कानाशी कुजबुजल्या, की ही ओळ पुस्तकात आहे. पण आजीबाईंच्या तोंडी ती कधीच नव्हती, आणि सगळे त्यांच्याकडूनच शिकल्यामुळे कुणाच्याच तोंडी नव्हती. ओळ काही मोठी नव्हती. थकलेल्यांना बसवून घेण्याविषयी होती.

प्रार्थना संपल्यावर आजीबाई आम्हांला भेटल्या. नर्सबाईंमार्फत त्या म्हणाल्या, "हे मला आईनं शिकवलं. ही ओळ तिला माहीतच नव्हती. आता तिकडे, देवाघरी गेले, की आधी तिला ही सांगेन."

मी याचे भाषांतर केले. या वेळी एकही शब्द वाढवला नाही.

परतताना मोटारीत विहीणबाई खिडकीशी बसल्या होत्या. समोरच्याने वळताना दिवा लावला नाही, तरी त्या त्याच्यावर रागावल्या नाहीत. घर जवळ आले, तेव्हा खिडकीबाहेर पाहत त्या म्हणाल्या, "माझी आई विहारातल्या वर्गात अक्षरं शिकत होती. घरी मी तिचा अभ्यास घ्यायचे. चौथीत होते मी. ती दिवसभराची दमून यायची, चुकायची. मी फार ओरडायचे हो, व्याहीबुवा."

प्रसंगाला साजेसे एखादे वचन मला नेहमी सुचते. त्या दिवशी घर आल्यावर मी नुसतेच त्यांच्यासाठी मोटारीचे दार उघडून धरले.

त्यांच्या परतीच्या प्रवासाआधी आणखी दोन शनिवार होते. त्या वर्गात गेल्या, बाराखडी घेतली, सारे नेहमीसारखे. फक्त त्यांचा आवाज पुष्कळ खाली आला होता. बायकांना वाटले, बाईंची प्रकृती बरी नाही. पुढच्या खेपेला आजीबाईंनी त्यांच्यासाठी आल्याचा काढा करून आणला आणि तो संपेपर्यंत त्यांना खुर्चीतून उठू दिले नाही.