बोक्याचे एकवीस फोटो

एका रविवारी दुपारी दीड तासात मी एका बोक्याचे एकवीस फोटो काढले. सोफ्यावर, सोफ्याखाली, खिडकीत, फ्रिजपाशी, धुतलेल्या कपड्यांच्या टोपलीत. मधेमधे पडदे सरकवले, म्हणजे उजेड वेगळा दिसेल. पाण्याचा निळा वाडगा बदलून पांढरा ठेवला. एका फोटोत माझी बाही येत होती, म्हणून गाडीतल्या जिमच्या बॅगेतून दुसरा टी-शर्ट आणून घातला. चिप डिझाइनमध्ये वीस वर्षं काढलेल्या माणसाकडे जो काही काटेकोरपणा असतो तो सगळा मी त्या दुपारी कामी आणला. उद्देश एकच. पुढचे तीन आठवडे रोज सकाळी एक फोटो नागपूरला पाठवायचा आणि तिथल्या बाईला वाटलं पाहिजे की मी रोज तिच्या घरी जातोय.

ही माझी चूक. आता ती कशी झाली ते सांगतो.

अमेरिकेत, अ‍ॅरिझोनातल्या चँडलरमधल्या आमच्या मराठी मंडळींत एक पद्धत आहे. कुणी उन्हाळ्यात भारतात निघालं की घराची किल्ली दुसऱ्याकडे देऊन जातं. आमच्या स्वयंपाकघरात किल्ल्यांसाठी एक लाकडी पट्टीच आहे, आणि जूनमध्ये तिच्यावर चार-चार घरं लटकत असतात. किल्ली घेणाऱ्याने टपाल उचलायचं, झाडांना पाणी घालायचं, आठवड्यातून एकदा गाडी सुरू करून ठेवायची. नाहीतर इथल्या उन्हात बॅटरी राम म्हणते. याचे पैसे कुणी घेत नाही. परत येताना चितळ्यांची बाकरवडी किंवा संत्राबर्फी येते, तेवढ्यावर सगळं भागतं.

माझ्या टीममधली एक मुलगी, मुलगी म्हणजे पस्तिशीची, मूळची नागपूरची, इथे एकटीच राहते. मला दादा म्हणते. जुलैत तिची आई बाथरूममध्ये घसरून पडली, खुब्याचं हाड मोडलं, आणि तिला तातडीने महिन्याभरासाठी जावं लागलं. तिच्याकडे एक बोका होता. करडा, एका डोळ्याने अधू, स्वभावाने निवृत्त मुख्याध्यापक. माझ्या बायकोला मांजरांची अ‍ॅलर्जी आहे, त्यामुळे त्याला आमच्याकडे आणता येत नव्हतं. ती किल्ली द्यायला आली तेव्हा हातात टाइप केलेलं एक पान होतं.

"दादा, दिवसातून एकदा तरी जा. त्याला नुसतं खायला घालून निघू नका, पंधरा मिनिटं बसा त्याच्याजवळ. आणि रोज एक फोटो पाठवा नं, प्लीज."

"अगं, काही काळजी करू नकोस. तू आईकडे बघ," मी म्हणालो. मी हे वाक्य इतक्या सहज म्हणतो की ते तोंडातून बाहेर पडल्यावरच मला ऐकू येतं.

पहिला आठवडा मी खरंच रोज गेलो. मग ऑफिसात डेडलाइन आली. तिचं घर वीस मिनिटांवर, बाहेर एकशे बारा डिग्री फॅरनहाइट, स्टिअरिंगला हात लावला की चटका बसायचा. मला वाटलं, मांजरच आहे. आमच्या लहानपणी गल्लीतल्या मांजरांना कोण विचारायला जायचं? मोठ्या वाडग्यात चार दिवसांचं खाणं ठेवलं की झालं. अडचण फक्त फोटोंची होती, ती मी त्या रविवारी सोडवली.

सोमवारपासून चहा घेता घेता एक-एक फोटो जाऊ लागला. तिकडे तेव्हा संध्याकाळ असायची. हॉस्पिटलमधून तिचं उत्तर यायचं, "आईला दाखवला. आज पहिल्यांदा हसली." मी खाली एक अंगठा टाकायचो आणि मीटिंगला जायचो.

बुधवारी जाऊन मी वाडगे भरून आलो. शनिवारी जवळच किराणा घ्यायला गेलो होतो म्हणून तिच्या दारात गाडी थांबवली. टपाल उचललं. दारावर एक पिवळा कागद चिकटवलेला होता. तोही ओढून काढला आणि टपालाबरोबर मागच्या सीटवर टाकला. इथल्या सोसायट्या अंगणात चार गवताच्या काड्या उगवल्या तरी असलाच कागद लावतात. मला स्वतःला कचऱ्याच्या डब्यावरून तीन आले आहेत. तो उघडून वाचायचा असतो हे माझ्या डोक्यातही आलं नाही. गाडीत आइस्क्रीम होतं, म्हणून मी आतही गेलो नाही.

सोमवारी ऑफिसातून परतताना गेलो. दार उघडलं आणि भट्टीचं झाकण उघडावं तशी हवा अंगावर आली. एसी बंद पडला होता; फ्यूज उडाला होता, असं नंतर एसीवाल्याने सांगितलं. बोक्याला हाका मारल्या, सोफ्याखाली पाहिलं, कपाटं उघडली. बोका नव्हता. ओट्यावर एक छापील कागद होता, प्राण्यांवरची क्रूरता आणि हेळसांड थांबवणाऱ्या इथल्या एका संस्थेचा. आम्ही आपल्या घरातला प्राणी त्याच्या सुरक्षिततेसाठी ताब्यात घेतला आहे, पोलीस आणि घरमालक सोबत होते, या पत्त्यावर या.

मग मी गाडीतला तो पिवळा कागद वाचला. शनिवारी सकाळचा होता. "आम्हाला तक्रार आली आहे की इथल्या मांजराकडे काही दिवस कुणी आलेलं नाही. ते ठीक आहे ना, एवढं पाहून चोवीस तासांत फोन करा." त्या दिवशी एसी चालू होता. मी दार उघडून आत गेलो असतो, नाहीतर नुसता फोन केला असता, तरी चाललं असतं.

संस्थेची इमारत विमानतळाच्या वाटेवर, बैठी, कुठल्याही सरकारी ऑफिससारखी. फक्त आत शिरताच पाळीपाळीने भुंकणं ऐकू येतं. खाकी शर्टातली, साधारण माझ्याच वयाची अधिकारी बाई मला एका छोट्या खोलीत घेऊन गेली. रविवारी दुपारी शेजारच्या म्हाताऱ्या बाईंना भिंतीपलीकडचं एसीचं यंत्र गप्प आहे हे जाणवलं होतं. या गावात उन्हाळ्यात ती घरघर थांबली की माणूस झोपेतून उठतो. त्यांनी खिडकीतून पाहिलं तर बोका तोंड उघडं टाकून धापा टाकत होता. त्यांनीच दुसऱ्यांदा फोन केला.

"कसा आहे तो?" मी विचारलं.

"सलाइन चालू आहे. मूत्रपिंडांवर ताण आलाय. दोन दिवसांत कळेल. तुम्ही त्याचे कोण?"

"मालकीण भारतात आहे. मी तिचा मित्र. मी रोज जातो," मी म्हणालो, आणि पुरावा म्हणून फोन पुढे केला. "हे बघा फोटो."

तिने चष्मा लावला. एक पाहिला, दुसरा पाहिला, मग बोटाने फोटो वर सरकवला. फोनमध्ये खाली तारीख आणि वेळ येते. दोन वाजून दहा. दोन वाजून चौदा. दोन वाजून एकवीस. सगळे एकाच रविवारचे.

"टी-शर्ट बदललात," ती म्हणाली.

तिने फोन परत दिला आणि फॉर्ममध्ये काहीतरी लिहिलं. मला वाटलं आता बेड्या. ती म्हणाली, "उन्हाळ्यात मला मारझोडीच्या केसेस कमी येतात. तुमच्यासारख्या जास्त. माणूस गावाला गेला, पाणी सांडलं, वीज गेली, ज्याला सांगितलं तो आला नाही. आज सकाळी मी एका आजोबांकडे कुत्र्यासाठी सावलीचं छप्पर लावून आले. त्यांना जमत नव्हतं, एवढंच. प्राणी उचलून आणणं हा माझ्या कामाचा शेवटचा भाग आहे, पहिला नाही."

मग ती मुद्द्यावर आली. बोक्याच्या कातडीखाली ओळखीसाठी बसवलेल्या चिपच्या नोंदीत मालकिणीचा इथला नंबर होता. त्यावर त्यांनी दोनदा निरोप ठेवला होता, पण तो फोन भारतात बंद होता. बोका फक्त तिलाच, किंवा तिने लेखी सांगितलं तरच दुसऱ्याला मिळणार. शुक्रवारपर्यंत ती सापडली नाही, तर नियमाप्रमाणे तो संस्थेचा होणार आणि बरा झाल्यावर दुसऱ्या कुटुंबाला दिला जाणार.

"तिचा भारतातला नंबर देता, की तुम्ही सांगता?"

"मी सांगतो," मी म्हणालो. "उद्याच."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी नेहमीसारखा फोटो पाठवला. टोपलीतला. हे लिहिताना हात थांबतो, पण पाठवला. तिच्या आईचे टाके काढायचे होते, उगाच ताण कशाला, असं मी स्वतःला समजावलं. तिचं उत्तर आलं, "किती शहाणा दिसतोय!" तेव्हा तो पुढच्या पंजाला सुई लावून पिंजऱ्यात पडला होता.

बायकोने ते पाहिलं. तिला मी आदल्या संध्याकाळी सगळं सांगितलं होतं.

"उद्या कुठला पाठवणार आहेस?" तिने विचारलं. "शर्ट इस्त्री करून ठेवू का?"

"अगं, आईचं बरं होऊ दे तिच्या, मग..."

"आणि शुक्रवारी बोका दुसऱ्याच्या घरी गेला की त्याचे फोटो कोण काढून देणार?"

मी त्या दिवशी आणि पुढच्या दिवशी ऑफिसातून थेट संस्थेत गेलो. पंधरा मिनिटं बसू देत. मांजरांच्या खोलीत एक निवृत्त पोस्टमन स्वयंसेवक होता. जन्मभर कुत्र्यांनी चावे घेतले, म्हणून मांजरं निवडली म्हणे. तो पिंजऱ्यांसमोर खुर्ची टाकून जुनी मोटारींची मासिकं मोठ्याने वाचायचा, कारण घाबरलेली मांजरं माणसाच्या आवाजाला सरावली की खायला लागतात. मागच्या अंगणात झुंजीतून सोडवलेले कोंबडे होते. गळ्यात साखळी रुतलेला एक कुत्रा होता, त्याच्या मानेभोवतीचे केस कड्यासारखे गेले होते. टॉवेल धुण्याची यंत्रं सारखी चालू. पोस्टमनने मला एकदाच विचारलं, "हा तुमचा?" मी म्हणालो, "माझ्याकडे सोपवलेला." त्याने मला मासिक दिलं आणि म्हणाला, "मग वाचा." मी त्या बोक्याला एका पिकअप ट्रकच्या गिअरबॉक्सबद्दल चार पानं वाचून दाखवली. त्याने त्याचा चांगला डोळा अर्धा उघडला आणि परत मिटला.

बुधवारी संध्याकाळी साडेसहाला, संस्थेच्या पार्किंगमध्ये गाडीत बसून मी नागपूरला फोन लावला. तिकडे सकाळचे सात.

"दादा? इतक्या सकाळी? बोका ठीक आहे नं?"

मी सुरुवात एसीपासून केली. मग फ्यूज, मग डेडलाइन, मग पिवळा कागद, सोसायटीचे नियम आणि संस्थेतल्या अधिकारी बाई. मी पाच मिनिटं बोललो असेन.

"जिवंत आहे का?" तिने मधेच विचारलं.

"हो, हो. सुधारतोय."

"ते पहिले सांगायचं नं, दादा." हॉस्पिटलमधल्या ट्रॉलीची चाकं ऐकू येत होती. "मग कालचा फोटो?"

"जुना होता."

"आणि परवाचा?"

"सगळे एकाच दिवशी काढले होते."

"आई त्यातला एक फोनवर लावून बसलीये," ती म्हणाली. आवाज चढवला असता तर बरं वाटलं असतं. "संस्थेतल्या त्या बाईंचा ईमेल द्या. मी आत्ता लिहिते."

तिने लिहिलं. तिने लिहिलं की बोका बरा झाल्यावर ती परत येईपर्यंत संस्थेने शोधलेल्या घरी राहावा. माझं नाव त्यात नव्हतं. एका निवृत्त शिक्षिकेने त्याला दोन आठवडे सांभाळलं, रोज औषध दिलं, आणि तिला रोज एक फोटो पाठवला. तो मला कधी दिसला नाही, दिसायचं कारणही नव्हतं.

फोनवर मी तिला काय काय सांगितलं ते नंतर बायकोला सांगत होतो. तिने सगळं ऐकून विचारलं, "आणि सॉरी कधी म्हणालास?" मी आठवून पाहिलं. म्हणालो नव्हतो.

ऑगस्टच्या शेवटी ती परतली. आईला वॉकर घेऊन चालता येत होतं. तिने पहिल्या दिवशी जाऊन बोका आणला. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी किल्ली परत द्यायला गेलो. तिने दार उघडलं.

"या, दादा," म्हणाली, पण दारातून हलली नाही. तिच्या मागे बोका खिडकीत बसला होता, पहिल्यापेक्षा बारीक. त्याने मला पाहिलं आणि उडी मारून सोफ्याखाली गेला.

येताना गाडीत मी एसीवाल्याचं आणि फ्यूजचं काय सांगायचं ते पुन्हा जुळवलं होतं. ते सगळं बाजूला ठेवलं. किल्ली तिच्या हातात दिली.

"एसी बंद पडला तो कुणाच्याही घरी पडला असता," मी म्हणालो. "पण मी इथे येत नव्हतो, आणि येतो असं तुला रोज दाखवत राहिलो. तो पिंजऱ्यात होता तेव्हाही दाखवलं. तुझ्या आईलाही फसवलं. त्याचा जीव जाता जाता राहिला, तो शेजारच्या बाईंमुळे आणि त्या लोकांमुळे, माझ्यामुळे नाही. माझं चुकलं. मला माफ कर."