तुळईवरचं पातेलं

आमचे हे दर थंडीत एक रात्र गडावरच्या मारुतीच्या देवळात झोपायला जातात. घरात चांगली गादी आहे, मी आहे; पण नाही! मी आपली मंडईतून वांगी आणून भरीत-भाकरीचा डबा करून द्यायची. यंदा डॉक्टरांनी गुडघ्यामुळे ह्यांचा चढ बंद केला. ऑपरेशन केलं तर जमेल म्हणाले, पण ऑपरेशनचं नाव काढलं की ह्यांचा पेपर तोंडासमोर येतो. म्हणाले, "शेवटचं जातो आणि देवळात आम्ही मित्रांनी ठेवलेलं पातेलं घेऊन येतो." बरोबरचे मित्र केव्हाच गळालेले. मग कोण जाणार? मीच!

कात्रजचा घाट मागे टाकून आम्ही गड चढायला लागलो. हे दर वळणावर बसत. विचारलं तर, "दृश्य बघतोय." समोर नुसती करवंदाची जाळी.

देऊळ म्हणजे तीन भिंती, वर पत्रा आणि शेळ्यांच्या लेंड्या. पातेलं तुळईवर पालथं. येईल त्याने रांधायचं आणि परत वर ठेवायचं, अशी तिथली रीत. घरात ज्यांना काड्यापेटी सापडत नाही, त्यांनी तीन दगडांवर फक्कड खिचडी केली. मी बघतच राहिले.

सकाळी म्हटलं, आयतं जेवलोय, निदान भांडं तरी घासू. पाण्याच्या टाक्यावर बसून राखेने असं चकाचक केलं की त्यात तोंड दिसावं.

"अगं, काय केलंस हे! आम्हा सगळ्यांच्या चुलींची काजळी होती ती!" हे ओरडले. मग पातेलं पंच्यात गुंडाळून पिशवीत घातलं. "जाऊ दे. आता घरीच तर न्यायचंय."

आवाज असा बसका की मला वाईट वाटलं. रागही आला. मी पिशवीतून पातेलं काढलं, चौथऱ्यावर चढले आणि होतं तिथे तुळईवर पालथं घातलं.

"अगं, पण आता त्यात कोण रांधणार..."

"तुम्ही. पुढच्या थंडीत येऊन काळं करा. मी परत घासणार नाही."

 उतरताना हे पहिल्याच वळणावर बसले. ह्या वेळी दृश्याचं नाव नाही. गुडघा चोळत म्हणाले, "सोमवारी डॉक्टरांना फोन कर. तारीख घे."