एकादशीला खाल्लेली भाकरी

माझ्यावर सर्वांत मोठं ऋण कुणाचं, असं कुणी विचारलं तर घरच्यांना वाटतं मी वडिलांचं नाव घेईन, आणि शाळासोबत्यांना वाटतं गुरुजींचं. त्यांचं ऋण आहेच. आमच्या घराण्यातला पहिला पदवीधर मी, तो त्यांच्यामुळेच झालो. पण मी नाव घेतो ते कौसल्याबाईंचं. नेवासा तालुक्यातल्या एका लहान गावात त्या राहतात. त्यांची माझी भेट जेमतेम तासाभराची. त्या तासाआधी मी त्यांना खोटं ठरवलं होतं, आणि तसं लिहूनही ठेवलं होतं.

नगरच्या एका धर्मादाय संस्थेत मी अनुदान विभाग सांभाळतो. गावोगावच्या मंडळांचे अर्ज आमच्याकडे येतात. माझे चार सहकारी ते वाचतात, जागेवर जाऊन काम पाहतात, आणि मग मी विश्वस्तांपुढे शिफारस ठेवतो. निर्णय त्यांचा, पण माझी शिफारस त्यांनी क्वचितच फिरवली असेल. त्यामुळे खरं काय आणि खोटं काय ते मला कागदावरून कळतं, असं मला हळूहळू वाटायला लागलं होतं. सकाळी पूजा करायचो, दोन्ही एकादश्या धरायचो, पण एकदा कचेरीत खुर्चीवर बसलो की देवाची आठवण होत नसे.

कौसल्याबाईंचं महिला मंडळ एक स्वयंपाकघर चालवतं. ज्यांची मुलं पुण्याला, चाकणला कामाला गेली आणि जे घरात एकटे उरले, अशा म्हाताऱ्या माणसांना या बायका रोज दुपारी घरी डबा नेऊन देतात. पहिल्या वर्षी आम्ही मदत दिली होती. आता ती पुढे चालू ठेवायची की नाही, हे ठरायचं होतं. डबा पोचल्याचा पुरावा म्हणून प्रत्येक लाभार्थ्याचा अंगठा नोंदवहीत घ्यायचा, असा नियम मीच घालून दिला होता. माझी सहकारी प्राजक्ता पाहणीला गेली आणि त्या वहीच्या पानांचे फोटो घेऊन आली. तिने ते संगणकावर मोठे करून दाखवले. नावं वेगवेगळी होती, पण प्रत्येक ठशात एकच तिरपा छेद होता, जुन्या जखमेचा असावा तसा.

"सर, हा सगळा एकाच माणसाचा अंगठा आहे," ती म्हणाली. मग जरा थांबून म्हणाली, "एकदा फोन करून विचारू का त्यांना?"

"अंगठा बोललाय. आता फोन कशाला?" मी म्हणालो.

खोटा पुरावा सापडला की मदत बंद करायची आणि इतर संस्थांनाही तसं कळवायचं, ही आमची पद्धत. म्हणजे त्या मंडळाला पुढे कुणी दारात उभं केलं नसतं आणि डबे थांबले असते. मी तीन ओळींची शिफारस लिहून टाकली. नियम सगळ्यांना सारखा, असं म्हणून मनाची समजूतही घातली. पण ते टोचत राहिलं. बैठक शुक्रवारी होती. गुरुवारी एकादशी आली, तेव्हा रजा टाकली आणि केडगावच्या घरून स्कूटरवर नेवाशाला निघालो. माउलींच्या देवळात थोडं बसावं, असं मनात होतं. निर्णय बदलायला मी जात नव्हतो. तो टोचायचा थांबावा, एवढंच मागणं होतं.

सकाळी सवयीने मधुमेहाची गोळी घेतली आणि उपासामुळे खाल्लं काहीच नाही. डॉक्टरांनी असं करू नका म्हणून बजावलेलं होतं. घोडेगावला कांद्याच्या गाड्यांची रांग लागलेली, म्हणून आतल्या रस्त्याने वळलो. थोडं पुढे गेल्यावर हात कापायला लागले, घाम फुटला, डोळ्यांपुढे पिवळं दिसायला लागलं. एका घरासमोर कशीबशी गाडी थांबवली आणि तिच्यासकट आडवा झालो.

पुढचं तुकड्यातुकड्यांनी आठवतं. कुणीतरी पाठीला हात लावून बसवलं. बाईचा आवाज होता. "तात्या, पाव्हना बोलावला व्हय जेवायला? मला सांगायचं तरी."

"मी कशाला बोलावतोय? गाडी घेऊन दारात पडलाय त्यो."

"आवं दादा, साखरंचा तरास हाय का तुमाला? तोंड उघडा."

त्यांनी गुळाचा खडा माझ्या तोंडात घातला. मग पाणी, मग परत गूळ. नजर स्थिर झाली तेव्हा तिसरा खडा धरलेला हात माझ्या चेहऱ्यासमोर होता. त्या अंगठ्यावर तिरपा छेद होता. आठवडाभर मी तो संगणकावर पाहिला होता. ओळखायला क्षणही लागला नाही. या गावाचं नाव मी कागदावर कितीदा वाचलं असेल, पण आत शिरताना पाटीकडे लक्षच गेलं नव्हतं.

त्या घरात एकटेच राहणाऱ्या म्हाताऱ्या तात्यांनी आपला डबा उघडून अर्धी भाकरी आणि पिठलं माझ्यापुढे सरकवलं. मी पुटपुटलो, "आज एकादशी आहे."

"एकादशी पंधरा दिसांनी परत येती की," बाई म्हणाल्या. "खावा गुमान."

मी खाल्लं. मी कोण, कुठला, कुणीच विचारलं नाही. मलाही सांगायचा धीर झाला नाही. एवढंच विचारलं, की डबे पोचले याची नोंद कशी ठेवता.

तात्या एकदम तडकले. "या बायांनी वही आनली हुती. म्हनं, अंगठा द्या. आवं, अंगठा जिमिनीच्या खरेदीला देत्यात. खाल्ल्या भाकरीला कुटं अंगठा असतोय? मी म्हनलं, उचला तुमचा डबा."

"चार दिस उपाशी राह्यले, पन अंगठा न्हाई दिला," बाई म्हणाल्या. "दोघी म्हाताऱ्यांनी तर दार लावून घेतलं. मग मीच उठवती सगळ्यांचा. संस्थेच्या सायबाला कागद लागतो, यांना इज्जत लागती. आमी काय करावं? पाप लागंल ते मला लागंल."

तो साहेब समोर बसून त्यांचं पिठलं खात होता.

जेवण झाल्यावर तात्यांनी डबा घासला आणि त्यात ओंजळभर चिंचा टाकल्या. रिकामा डबा माघारी द्यायचा नसतो, म्हणाले. कुणी चार मिरच्या घालतं, कुणी परड्यातलं फूल. "रिकामा आला की मी समजती, आज काय तरी बिनसलंय. मग आत जाऊन बघती," असं म्हणून कौसल्याबाईंनी डबे पिशवीत भरले आणि त्या पुढच्या घराकडे निघून गेल्या.

दुसऱ्या दिवशी मी माझी शिफारस मागे घेतली आणि घडलं ते सगळं विश्वस्तांना सांगितलं. सगळं ऐकून घेतल्यावर एक ज्येष्ठ विश्वस्त शांतपणे म्हणाले, "अर्जदाराकडे पाण्याखेरीज काही घ्यायचं नाही, हा नियम कुणाचा?"

"माझाच."

"मग या अर्जावर तुम्हाला बोलता येणार नाही."

त्यांचं बरोबर होतं. प्राजक्ताने न कळवता पुन्हा जावं आणि पुढच्या बैठकीत स्वतः मांडावं, असं ठरलं. तो महिना मला जड गेला. ज्यांचं वाईट करायला माझ्या तीन ओळी पुरल्या असत्या, त्यांचं भलं करायला माझ्या हातात एक अक्षरही उरलं नव्हतं. प्राजक्ता जाऊन आली. मी तिच्या टेबलापाशी घुटमळलो तेव्हा ती कागदांतून मान वर न काढता म्हणाली, "सर, विचारू नका. आणि मी फक्त पाणी प्यायले." चौघेही हसले, मीही हसलो.

बैठकीच्या दिवशी तो अर्ज आला तसा मी उठून बाहेर व्हरांड्यातल्या बाकावर जाऊन बसलो. देवाकडे आजवर मी पुष्कळ मागितलं होतं, पण प्रत्येक वेळी ते मिळवायची माझी काहीतरी तजवीज असायची आणि त्याने वर फक्त हात ठेवायचा असायचा. त्या बाकावर तजवीज कसलीच नव्हती. "माउली, मला यातलं काही करता येत नाही," एवढंच मनात म्हटलं. आश्चर्य असं, की ते म्हणताना भीती वाटली नाही. आत काय ठरतंय हे कळण्याआधीच मन निवांत झालं होतं.

साखर उतरली ती माझ्या चुकीने, आणि आतल्या रस्त्याला वळलो तो गर्दीमुळे. यात चमत्कार शोधावा असं मला वाटत नाही. पण मी मन शांत करायला निघालो होतो आणि मला खरं ते दाखवलं गेलं, माझी पात्रता नसताना. शरण जाणं म्हणजे काय, हे मला तेव्हापासून थोडं कळतं. आपल्याला सगळं दिसतं हा हट्ट सोडायचा. रोज कचेरीत तो पुन्हा धरला जातो आणि रोज पुन्हा सोडावा लागतो.

निकाल लागल्यावर मी कौसल्याबाईंना हे पत्र पाठवलं:

आदरणीय कौसल्याबाई,

सप्रेम नमस्कार. एकादशीला तात्यांच्या दारात पडलेला माणूस मीच. ज्या साहेबाला कागद लागतो असं तुम्ही म्हणालात, तोही मीच. त्या दिवशी हे सांगायला हवं होतं. सांगितलं नाही, कारण मला लाज वाटली.

तुमच्या मंडळाची मदत पुढच्या वर्षासाठी मंजूर झाली आहे. अंगठ्याचा नियम विश्वस्तांनी काढून टाकला. वहीत खोटे ठसे उठवले ही चूक झाली, असं मंडळाकडून लेखी मागितलं आहे. ते कृपया द्यावं. असा नियम केला ही चूक झाली, असं मी संस्थेला लेखी दिलं आहे.

हे मी घडवून आणलं असं कुणी सांगितलं तर मानू नका. निर्णय झाला तेव्हा मी खोलीबाहेर होतो. तुमचं काम प्राजक्ताताईंनी पाहिलं आणि त्यांनीच मांडलं. डबे बंद करा, असं मी आधी लिहिलं होतं, हेही तुम्हाला ठाऊक असावं. तुम्ही रागावलात तर ते योग्यच होईल.

तुमच्याकडून निघाल्यावर मी नेवाशाला गेलोच नाही. देऊळ फार लांब नव्हतं, वेळही होता. पण गाडी आपोआप घराकडे वळली. दर्शन राहिलं, असं मला अजून एकदाही वाटलेलं नाही.

आपला नम्र