चॉकलेटची चौथी कांडी

फणसवाडीच्या त्या बाईंनी आमच्या मॅनेजरसाहेबांच्या टेबलावर तीन फ्रॉक पसरले. तिन्हींच्या घेरावर तपकिरी डाग.

“पंधरा दिवसांत हा तिसरा! चॉकलेट खायला करता की कपडे रंगवायला?”

आठवड्यातली ही पाचवी तक्रार होती. संयुक्त महाराष्ट्राचे दिवस. रोज कुठे ना कुठे मोर्चा, आणि त्यातच आमच्या लालबागच्या बिस्किट फॅक्टरीने वेफर बार काढला होता. वेफर म्हणजे कुरकुरीत पापुद्रे. त्यांच्यात क्रीम भरायचं आणि तो थर साच्यातल्या चॉकलेटमध्ये बसवायचा. साचे माझ्याकडे. मी टूलरूमचा फिटर.

बाई गेल्यावर सोराबजीसाहेब म्हणाले, “कदम, दिवाळीपर्यंत हे थांबलं नाही तर वेफर खातं बंद. पॅकिंगच्या आठ बायका आणि तू, सगळे घरी.”

माझं लग्न ठरलेलं होतं.

फॅक्टरीच्या केमिस्टने चॉकलेट कडक करून पाहिलं. डाग पडतच राहिले. शेवटी एका रविवारी मीच बार घेऊन फणसवाडीत गेलो आणि त्या बाईंच्या मुलीला दिला. तिने मैत्रिणीला हाक मारली, फ्रॉकचा घेर बारवर गुंडाळला आणि वरून चावा घेतला. चिमणीचे दात! आम्हीही काळाचौकीला पेरू, लिमलेट असंच वाटून खायचो. मध्ये कपडा आला की उष्टं होत नाही, हा कायदा. पण लिमलेटने शर्ट फक्त ओला व्हायचा.

“हाताने का नाही मोडत गं?”

“भुगा होतो, काका. मग भांडण होतं.”

साहेबांना हे पटेना. मी त्यांच्यापुढे एक बार ठेवला. तो आधी दहा मिनिटं खिडकीतल्या उन्हात ठेवला होता, हे आता सांगायला हरकत नाही.

“साहेब, यातला अर्धा मला द्या. हाताने मोडून.”

त्यांनी मोडला. वेफरचा भुगा पांढऱ्या पँटवर, चॉकलेट दहाही बोटांना. मी अदबीने जमिनीकडे बघत राहिलो.

“काय पाहिजे तुला?”

“बारला खाचा. म्हणजे कांड्या सुट्या तुटतील.”

“बाहेर लोक मुंबई तोडू देणार नाही म्हणून ओरडतात, आणि तू बार तोडायला निघाला!” साहेब हसले आणि परवानगी मिळाली.

मी साच्यात पितळी पट्ट्या झाळल्या. पहिला बार खाचेवर तुटेना, कारण आत वेफर अखंड होता. मग वेफरच कांडीएवढा अरुंद कापला आणि खाचेत नुसतं चॉकलेट राहू दिलं. टक्कन तुटला. मला चार कांड्या हव्या होत्या, पण साच्याच्या ड्रॉइंगवर सही करताना साहेबांनी तीनच केल्या. “जाड कांडी भरलेली दिसते.” मी तसेच साचे केले.

तक्रारी निम्म्यावर आल्या आणि तिथेच थांबल्या. मी परत फणसवाडीत. दोघींनी एकेक कांडी खाल्ली. तिसरी गेली फ्रॉकमध्ये.

दिवाळी तोंडावर आलेली. मी कुणाला न विचारता चार कांड्यांचे साचे केले आणि लाइनवर चढवले. त्यानंतर ऑफिसात एकही फ्रॉक आला नाही. हेड ऑफिसची शाबासकी आली तेव्हा कुठे साहेबांनी कांड्या मोजल्या.

“ही चौथी कुणी घातली?”

“तुमचीच आयडिया, साहेब.”

ती त्यांनी लगेच मान्य केली.

खातं राहिलं, बायका राहिल्या, माझं लग्नही वेळेवर झालं. खायच्या वस्तूच्या ड्रॉइंगवर सही करणाऱ्याने आधी ती कुणाबरोबर तरी वाटून खावी. एकट्याने खाल्लं की सगळंच बरोबर वाटतं.